रिअल माद्रिदच्या सभासदांना खुले पत्र: देल बोस्के यांच्या नावाने एक ठराव मांडा

प्रति,
रिअल माद्रिद क्लबचे सर्व सभासद,
माद्रिद, स्पेन

विषय: श्री. विसेंते देल बोस्के यांना २००३ साली दिलेल्या निरोपाची सर्वसाधारण सभेत दखल घेण्याबाबत

सभासदहो,

सप्रेम नमस्कार.

२२ जून २००३ च्या रात्री बर्नाब्यू स्टेडियमवर अ‍ॅथलेटिक बिल्बाओला ३-१ असे हरवून तुमच्या संघाने स्पॅनिश लीग जिंकली. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक देल बोस्के यांचा करार पुढे वाढवणार नाही, असे क्लबने जाहीर केले. ते जुन्या वळणाचे आहेत आणि डावपेचांवर अधिक भर देणारा माणूस हवा, असे कारण दिले गेले. कर्णधार फर्नांडो हिएर्रोलाही त्याच दिवशी नारळ मिळाला. याला दोन दशके उलटून गेली. देल बोस्के आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत क्लबने या निर्णयाबद्दल दोन शब्द बोलावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. क्लबला बोलायला लावण्याचा अधिकार तुमचा आहे, म्हणून हे पत्र अध्यक्षांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

तुमचा क्लब कुणा शेठजीच्या मालकीचा नाही. १९९० च्या क्रीडा कायद्याने स्पेनमधल्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावे लागले. रिअल माद्रिद, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चारच क्लब सभासदांच्या मालकीचे राहिले. आम्ही पश्चिम महाराष्ट्रातली माणसे सहकारी साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था बघत वाढलो. संचालकांचा निर्णय चुकला, तर सभासदाने सर्वसाधारण सभेत उभे राहून जाब विचारायचा असतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. देल बोस्के यांना घरी पाठवले गेले तेही तुमच्याच नावाने. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. त्यानंतर वर्षभराने, २००४ च्या उन्हाळ्यात, तुम्ही तेव्हाचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांना प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून दिलेत. म्हणजे प्रश्न एकट्या अध्यक्षांचा नाही.

मी कोल्हापुरात लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. देल बोस्के यांच्याबद्दल मला इतके वाटते, त्याचे कारण त्यांच्या चषकांपेक्षा त्यांनी मुलांमध्ये घालवलेल्या वर्षांत जास्त आहे. ती वर्षे तुमच्याच मैदानांवर गेली आहेत. तरी ती कहाणी तुमच्यातल्या तरुण सभासदांसाठी थोडी सांगतो.

सालामान्का शहरात १९५० साली त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. प्रजासत्ताकवादी विचारांपायी गृहयुद्धाच्या काळात त्यांनी कैद भोगली होती. मुलगा सतराव्या वर्षी तुमच्या क्लबात आला. पण पहिल्या संघात जागा मिळायला त्याला वाट पाहावी लागली. आधी कोर्दोबा आणि कास्तेयोन या क्लबांकडून खेळून तो तयार झाला. १९७३ मध्ये कास्तेयोनसारखा छोटा संघ स्पॅनिश कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, त्या संघाच्या मधल्या फळीत देल बोस्के होते. त्यानंतर १९८४ पर्यंत ते तुमचे. पाच लीग, चार कप, स्पेनसाठी १८ सामने. उंच, मिशाळ, धावायला संथ, पण चेंडू पायाशी येण्याआधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे ठरवून ठेवलेले. गुंटर नेट्झर, पॉल ब्राइटनर, पिर्री अशा दांडग्या नावांच्या शेजारी ते खेळले. कौतुकाच्या बातम्या बहुधा शेजाऱ्यांच्या वाट्याला यायच्या.

१९८१ चा युरोपियन कपचा (म्हणजे आताच्या चॅम्पियन्स लीगचा) अंतिम सामना तुमच्यातल्या जुन्या सभासदांना अजून खुपत असेल. पॅरिसमध्ये लिव्हरपूलने शेवटच्या दहा मिनिटांत गोल करून १-० ने बाजी मारली. त्या पराभूत संघात देल बोस्के होते. एकोणीस वर्षांनी ते पुन्हा पॅरिसला अंतिम सामन्यासाठी गेले, तेव्हा मैदानाच्या कडेला उभे होते आणि कप घेऊन परतले.

या दोन पॅरिसवाऱ्यांमध्ये जे काम झाले, ते मला सर्वात मोलाचे वाटते. बूट उतरवल्यावर ते तुमच्या युवा विभागात रुजू झाले. त्यांचे गुरू लुईस मोलौनी. हा माणूस क्लब अडचणीत आला की मुख्य संघ हातात घ्यायचा, गाडी रुळावर आणायचा आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचा. देल बोस्के यांनी तीच रीत उचलली. १९८७ ते १९९० ते कास्तियाचे, म्हणजे तुमच्या दुसऱ्या फळीच्या संघाचे, प्रशिक्षक होते. पुढे अनेक वर्षे युवा विभागाचा कारभार त्यांनी पाहिला. राउल, गुती, कासियास ही मुले त्या काळात तुमच्या युवा संघांतून वर आली. १९९४ मध्ये बेनितो फ्लोरो गेले, तेव्हा हंगाम पुरा करायला त्यांना बोलावले. त्यांनी केला आणि परत मुलांकडे गेले. १९९६ मध्ये होर्हे वाल्दानो गेल्यावर एका सामन्यापुरते बोलावले, तोही सांभाळला. खुर्ची धरून ठेवली नाही, मानधनासाठी रुसले नाहीत. ज्यांनी कधी चौदा वर्षांच्या मुलाला शिकवले आहे, त्यांना यातली किंमत कळेल. या कामाचा निकाल दहा वर्षांनी लागतो आणि तोवर श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेलेले असते.

नोव्हेंबर १९९९ मध्ये जॉन तोशाक यांना हटवल्यावर तिसऱ्यांदा हाक आली. अध्यक्ष तेव्हा लोरेन्झो सान्झ होते. लीगमध्ये तो हंगाम पाचव्या स्थानावर संपला. युरोपात मात्र जे घडले, ते जरा सविस्तर लिहितो, कारण २००३ मध्ये दिलेल्या कारणाचे उत्तर त्यातच आहे.

दुसऱ्या गटसाखळीत बायर्न म्युनिकने तुम्हाला तुमच्या घरी ४-२ आणि त्यांच्या घरी ४-१ असे लोळवले होते. बचाव उघडा पडला होता. उपांत्यपूर्व फेरीत समोर गतविजेता मँचेस्टर युनायटेड. पहिला सामना माद्रिदमध्ये ०-० असा सुटलेला. ओल्ड ट्रॅफर्डवर जाताना बहुतेक प्रशिक्षकांनी गर्दी करून दार लावून घेतले असते. देल बोस्के यांनी मधल्या फळीतल्या इव्हान हेल्गेराला मागे आणून बचावात तिघांना उभे केले आणि सालगादो व रॉबर्तो कार्लोस यांना दोन्ही कडांवरून मोकळे सोडले. युनायटेडच्या आक्रमकांना नेमके कुणाला पकडायचे तेच कळेना. बावन्नाव्या मिनिटापर्यंत ३-० झाले होते. फर्नांडो रेदोंदोने टाचेने चेंडू काढून राउलला दिलेला तिसरा गोल सगळ्यांच्या लक्षात आहे; त्या गोलाला जागा ज्या रचनेमुळे मिळाली, ती मात्र कुणी आठवत नाही. सामना ३-२ असा संपला. मग उपांत्य फेरीत तोच बायर्न. माद्रिदमध्ये २-० आणि म्युनिकमध्ये १-२, तुम्ही पुढे. अंतिम सामन्यात तीच तिघांची फळी, हेल्गेरा, कॅम्पो आणि करांका, आणि व्हॅलेन्सियावर ३-०. गोलजाळ्यात चारच दिवसांपूर्वी एकोणीस पूर्ण केलेला कासियास.

हंगामाच्या मध्यावर, उसवलेला संघ हातात घेऊन, चार-पाच आठवड्यांत नवी रचना बसवून युरोप जिंकणारा माणूस डावपेचांत कच्चा कसा?

दोन वर्षांनी ग्लासगोमध्ये लेव्हरकुसेनवर २-१. झिदानचा तो डाव्या पायाचा गोल फुटबॉलच्या इतिहासात अमर झाला आहे. मला त्याच सामन्यातली दुसरी गोष्ट सांगायची आहे. कासियासचा फॉर्म गेल्यावर देल बोस्के यांनी त्याला बसवून सेझारला खेळवले होते. आपल्याच युवा विभागातला, लहानपणापासून पाहिलेला मुलगा. पण अंतिम सामन्यातही त्याला बाकावर ठेवले. उत्तरार्धात सेझार जखमी झाला, कासियास आत आला आणि शेवटच्या मिनिटांत त्याने एकामागून एक गोल अडवले. बाकावर बसवलेला मुलगा मनाने खचला नव्हता. हे प्रशिक्षकाचे काम आहे आणि ते फळ्यावर खडूने काढून दाखवता येत नाही.

हिशेब सांगायचा तर साडेतीन वर्षांत सात चषक: दोन चॅम्पियन्स लीग, दोन स्पॅनिश लीग, एक स्पॅनिश सुपर कप, एक युरोपियन सुपर कप आणि एक इंटरकॉन्टिनेन्टल कप. चारही मोसमांत संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत. फिगो, झिदान, रोनाल्डो, राउल, रॉबर्तो कार्लोस यांना एका ड्रेसिंग रूममध्ये नांदवून हे केले. 'झिदान आणि पावोन' हे तर पेरेझ यांचेच धोरण होते: जगातले तारे विकत आणायचे आणि बाकीच्या जागा पावोनसारख्या युवा विभागातून आलेल्या घरच्या पोरांनी भरायच्या. त्या दोन टोकांना सांधणारा, दोन्हीकडच्यांना आपला वाटणारा माणूस तुमच्याकडे एकच होता.

त्यालाच काढले. कारण असे दिले गेले की देल बोस्के जुन्या वळणाचे आहेत, थकल्यासारखे दिसतात, आणि पुढच्या काळासाठी डावपेच व शारीरिक तयारीवर अधिक भर देणारा माणूस हवा. आले कार्लोस केइरोश. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम आला आणि माकेलेले चेल्सीला विकला गेला, म्हणजे मधल्या फळीचा आधारही काढून घेतला. पुढच्या मोसमात शेवटचे पाचही लीग सामने हरून संघ चौथा आला. केइरोश गेले, कामाचो आले आणि काही आठवड्यांत गेले, गार्सिया रेमोन, लक्झेम्बर्गो, लोपेझ कारो. अडीच वर्षांत पाच प्रशिक्षक आणि २००३ चा एक स्पॅनिश सुपर कप. फेब्रुवारी २००६ मध्ये पेरेझ यांनी राजीनामा दिला. २००५ ते २०१० अशी सलग सहा वर्षे तुमचा क्लब चॅम्पियन्स लीगच्या उपउपांत्यपूर्व फेरीतच बाद होत राहिला: युव्हेंटस, आर्सेनल, बायर्न, रोमा, लिव्हरपूल, लियॉन. पुढचा युरोपियन चषक २०१४ साली आला.

आणि ज्यांचा काळ संपला असे म्हटले गेले, ते काय करत होते? तुर्कस्तानच्या बेशिक्ताश क्लबमध्ये ते जेमतेम अर्धा मोसम टिकले. तो प्रयोग फसला, हे मान्य. मग २००८ मध्ये लुईस अरागोनेस यांनी युरो ही युरोपातल्या देशांची स्पर्धा जिंकून दिल्यावर स्पेनचा संघ त्यांच्या हाती आला. नवा प्रशिक्षक आला की आधीच्याचे सगळे पुसून आपली सही करतो, हा नेहमीचा अनुभव. देल बोस्के यांनी अरागोनेस यांचे घर मोडले नाही. विश्वचषक पात्रता फेरीत दहापैकी दहा सामने जिंकले.

दक्षिण आफ्रिकेत पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून १-० हरले, तेव्हा चहूबाजूंनी आवाज उठला: बुस्केट्स आणि झाबी अलोन्सो असे दोन बचावात्मक मध्यरक्षक कशाला, एकाला काढा. त्यांनी दोघांनाही कायम ठेवले. पुन्हा खेळाडू होता आले तर बुस्केट्ससारखे व्हायला आवडेल, असे ते म्हणाले, आणि तेव्हा एकवीसच वर्षांच्या त्या मुलाच्या पाठीवर जगासमोर हात ठेवला. बाद फेरीतले चारही सामने १-०. सात सामन्यांत आठ गोल केले आणि फक्त दोन खाल्ले. कंटाळवाणे म्हणणारे होतेच. मला त्या चार सामन्यांत घाई न करण्याची अस्सल तालीम दिसते. इनिएस्ताचा गोल ११६ व्या मिनिटाला आला, कारण तोवर कुणीही घाबरून चेंडू उंच भिरकावला नव्हता.

पुढची दोन वर्षे याहून अवघड होती. प्रशिक्षक मोरिन्होच्या माद्रिदमधल्या काळात तुमच्या आणि बार्सिलोनाच्या खेळाडूंमध्ये वितुष्ट टोकाला गेले होते, आणि राष्ट्रीय संघात तर ते सगळे एका टेबलावर जेवायचे. तुमचा कासियास आणि बार्सिलोनाचा झावी फोनवर बोलले, गाठ सुटली. २०१२ मध्ये त्या दोघांना आस्तुरियासचा हा स्पेनमधला मानाचा पुरस्कार मिळाला तो या समंजसपणासाठी. असे वातावरण ज्या छताखाली टिकले, ते छत देल बोस्के यांचे. त्या वर्षी युरोच्या अंतिम सामन्यात अस्सल सेंटर फॉरवर्ड न खेळवता, फाब्रेगासला पुढे ठेवून, इटलीवर ४-०. 'जुन्या वळणाच्या' प्रशिक्षकाने केलेला हा प्रयोग. विश्वचषक, युरो आणि चॅम्पियन्स लीग हे तिन्ही जिंकणारे प्रशिक्षक म्हणून आजही त्यांचेच एकट्याचे नाव घेतले जाते.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे माझे म्हणणे नाही. २०१४ मध्ये थकलेल्या शिलेदारांवर त्यांनी गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला आणि नेदरलँड्सने ५-१, चिलीने २-० हरवून विश्वविजेत्यांना गटातच घरी पाठवले. २०१६ च्या युरोत इटलीने बाहेर काढले. आणि तुमच्याकडे असतानाही २००२ च्या लीगमध्ये ते तिसरे होते. क्लबच्या शताब्दीच्या दिवशीच कपचा अंतिम सामना घरच्या मैदानावर देपोर्तिव्होकडून हरले. प्रशिक्षक बदलण्याचा अधिकार संचालकांना असतोच. माझा आक्षेप आहे तो रीतीला आणि कारणाला. विजेतेपदाच्या दुसऱ्या दिवशी, पस्तीस वर्षांच्या नात्यानंतर, माणूस आधुनिक दिसत नाही म्हणून.

तुम्ही म्हणाल, २००९ मध्ये अध्यक्षपदावर परतलेल्या पेरेझ यांच्याच काळात आम्ही सहा युरोपियन चषक जिंकले, आता हे उकरून काय मिळणार? जिंकलात, अगदी खरे. पण त्यातले सलग तीन कुणी आणले तेही पाहा. जानेवारी २०१६ मध्ये मोसमाच्या मध्यावर राफा बेनितेझ यांना काढून तुम्ही झिदानला आणले: तुमचाच माजी मध्यरक्षक, कास्तियाचा प्रशिक्षक, मितभाषी, मोठ्या खेळाडूंची मने सांभाळणारा. देल बोस्के यांच्या हाताखाली खेळलेला. ज्या गुणांना तुम्ही २००३ मध्ये कालबाह्य ठरवले, त्यांच्याच जोरावर तुमचे सर्वात मोठे यश उभे राहिले. मग ते गुण ज्याने आधी दाखवले, त्याला तसे सांगायला काय हरकत आहे?

असे निर्णय फक्त माद्रिदमध्ये होतात असे नाही. आमच्या शेजारी गोव्यात एफसी गोवा क्लबने २०२० च्या जानेवारीअखेर सेर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकालाच हंगाम संपण्याआधी निरोप दिला, तोही संघ गुणतक्त्यात वर असताना. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडाने सांभाळले आणि संघाने साखळीत पहिला क्रमांक राखला. इकडचे क्लब तुमच्याकडे बघून शिकतात. खेळाडू कसे घ्यायचे ते शिकतात, तसेच माणसे कशी सोडायची तेही शिकतात.

स्पेनने त्यांना मान दिला आहे. राजाने २०११ मध्ये त्यांना मार्क्विस हा सरदारकीचा किताब दिला. माद्रिद महापालिकेच्या एका क्रीडा संकुलाला त्यांचे नाव आहे. २०२४ मध्ये फुटबॉल महासंघाचा कारभार घसरला, तेव्हा देखरेखीच्या समितीचे प्रमुख म्हणून सरकारला त्यांचीच आठवण झाली, कारण ज्यांच्या सचोटीबद्दल कुणी शंका घेणार नाही अशी नावे फार नव्हती. राहता राहिले त्यांचे स्वतःचे घर.

२००९, २०१३, २०१७, २०२१ आणि २०२५, पाचही वेळा तुमच्याकडे अध्यक्षपदाची निवडणूक बिनविरोध झाली. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला वीस वर्षांचे सभासदत्व आणि अंदाजपत्रकाच्या पंधरा टक्क्यांची बँक हमी लागते, त्यामुळे साध्या सभासदाला ती खुर्ची दूरच. पण तुमच्यातून निवडलेले प्रतिनिधी दरवर्षी सभेला बसतात आणि तिथे बोलता येते. त्यांच्यापैकी कुणीतरी उठून पुढील मजकूर मांडावा, एवढीच मागणी आहे. भाषा तुम्ही तुमच्या पद्धतीने सुधारून घ्या:

"खेळाडू, युवा विभागाचे शिक्षक आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून श्री. विसेंते देल बोस्के यांनी या क्लबची साडेतीन दशके सेवा केली. जून २००३ मध्ये त्यांना ज्या पद्धतीने निरोप देण्यात आला, ती पद्धत या क्लबला शोभणारी नव्हती, असे ही सभा नमूद करते. यापुढे कोणत्याही संघाच्या प्रशिक्षकाला मुक्त केल्यास त्याची कारणे संचालक मंडळाने पुढच्या सर्वसाधारण सभेसमोर लेखी ठेवावीत. या ठरावाची प्रत श्री. देल बोस्के यांना क्लबच्या प्रतिनिधीने स्वतः नेऊन द्यावी."

कळावे.

आपला,
कोल्हापूरचा एक फुटबॉल प्रशिक्षक